गव्हर्नर हातात धरलं तेव्हा

गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "महाराज, हे गव्हर्नर काढूनच टाका न. उगाच इंजिनाचा गळा धरून राहिलं."

अमरावतीला मी छोटी इंजिनं दुरुस्त करायचो. फवारणीचे पंप, शेतातली पाण्याची इंजिनं, रसवंत्या, मंगल कार्यालयांचे जनरेटर. आता दुकान पुतण्याकडे दिलं आहे आणि मी दुपारी नुसता बसायला जातो. मिस्त्रीला लोक 'महाराज' का म्हणायचे, तर आमचं घराणं अचलपूरचं, भिक्षुकीचं. वडील सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं करत. मी आठवीतच पाना धरला, तरी गिऱ्हाइकांनी घराण्याची पदवी मला चिकटवून टाकली. ग्रीसने बरबटलेल्या हातांचा महाराज सगळ्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. वडिलांना सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझा कान त्यांच्याकडून आला. मंत्र म्हणताना एखाद्याचा स्वर तसूभर हलला तरी त्यांची मान लगेच वर व्हायची. माझी इंजिनाच्या बाबतीत होते. रस्त्याने जाताना कुणाच्या शेतात इंजिन चालू असेल तर मी गाडी हळू करतोच.

अकोटचा एक संत्रावाला बागेच्या फवारणीचं इंजिन घेऊन आला होता. मी म्हटलं, "याचं गव्हर्नर अडकलं आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. "गव्हर्नर तर मुंबईले रायते न महाराज? आपल्या इंजिनात काहून?" हसून झाल्यावर मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो, म्हणजे पुढची हकीकत समजेल.

इंजिनाला डिझेल दिलं की ते पळतं. जास्त दिलं की जास्त पळतं. आता त्याच्यावर ओझं आलं, म्हणजे जनरेटरवर मोठा हीटर सुरू झाला, की ते दमतं आणि त्याला जास्त डिझेल लागतं. ओझं उतरलं की तेच जास्तीचं डिझेल त्याला उधळवतं. कोणीतरी सतत शेजारी उभं राहून डिझेल कमी-जास्त करत राहायला हवं. ते काम गव्हर्नर करतं. आत फिरत्या दांड्यावर दोन वजनं बसवलेली असतात. जत्रेत साखळीच्या खुर्च्यांचा पाळणा असतो ना, वेग वाढला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात, तशी ती वजनं बाहेर जातात आणि एका लिव्हरला ढकलून डिझेल कमी करतात. दुसऱ्या बाजूने एक स्प्रिंग तोच लिव्हर ओढून डिझेल वाढवते. या दोघांची ओढाताण बरोबर जमली की इंजिन एका लयीत चालतं. बस, एवढंच आहे ते.

एवढंच असलं तरी ते बिघडलं की काय होतं हे मी तरुणपणी अचलपूरजवळच्या एका पिठाच्या गिरणीत पाहिलं. गिरणीवाल्याने जास्त वेगाच्या हव्यासाने स्प्रिंग बदलली होती आणि ती लिव्हरमध्ये अडकली. मोठ्या चाकाचं ते इंजिन असं उधळलं की जमीन हलायला लागली. दळण घ्यायला आलेल्या बाया डबे टाकून पळाल्या. डिझेलचा कॉक बंद करूनही नळीतलं डिझेल संपेपर्यंत ते थांबणार नव्हतं आणि तेवढ्यात चाकाचे तुकडे झाले असते. मी गिरणीवाल्याचा बसायचा लाकडी पाट उचलून इंजिनाच्या हवेच्या तोंडावर दाबून धरला. हवा बंद झाली, श्वास कोंडला आणि इंजिन धाडकन थांबलं. तेव्हापासून उधळलेल्या इंजिनाला मी फक्त हवेनेच थांबवतो, आणि एक पाट माझ्या गाडीच्या पिशवीत कायम असतो. लोक म्हणायचे, महाराज आहेत, पाटावाचून कसं चालेल.

पण आयुष्यात ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ते सुनंदाताईंच्या हॅचरीचं.

सुनंदाताई बडनेऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घर शेतकऱ्याचं, काळ्या रानाचं, कापूस आणि तूर पिकवणारं. नवरा नागपूरला नोकरीला. या बाईने शेताच्या कडेला शेड उभारून अंडी उबवायची यंत्रं बसवली होती. गावठी कोंबडीची पिल्लं उबवायची आणि आसपासच्या गावांतल्या बायांना द्यायची, असा तिचा उद्योग. सासरे, म्हणजे बाबाजी, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. त्यांनी सुनेला अडवलं नाही, पण शेडमध्ये पाऊलही टाकलं नाही. बांधावरून जाताना ते शेडकडे पाठ करून जात.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं आणि त्या पट्ट्यातले विजेचे खांब आडवे झाले. सकाळी सुनंदाताईंचा फोन आला.

"महाराज, जनरेटर डोलून राहिला. लाईट मोठी होते, बारीक होते. आतमंदी पिल्लं निघून राहिले. आजचाच दिवस हाय त्याहिचा."

"कोणाला दाखवलं?"

"कालच एक मिस्त्री आला व्हता. त्यानं तार बांधून देली. चांगला चालत व्हता, मंग एकदम जोरात पळाला अन् पंख्याची मोटर जळाली. आता एकच पंखा हाय. तुमी या न लवकर!"

तार बांधली म्हणजे काय ते मला फोनवरच कळलं. लिव्हर डोलतो म्हणून त्या भल्या माणसाने तो तारेने एका जागी जखडून टाकला होता. मग डिझेल कायम तेवढंच. हीटर चालू असेपर्यंत ठीक, पण हीटर बंद झाला की इंजिन उधळणारच.

रस्त्यावर झाडं पडली होती. बाभळीच्या फांद्या चुकवत मी मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा जनरेटरच्या शेडपासून दूरवरूनच इंजिनाचा आवाज ऐकू आला. घूं... घुंई... घूं... घुंई... असा वर-खाली. तार त्यांनी सोडून टाकली होती. या वर-खाली डोलण्याला आम्ही हंटिंग म्हणतो. इंजिन आपला वेग शोधत असतं आणि तो त्याला सापडत नसतो.

हंटिंगला कारणं बरीच असतात. डिझेलमध्ये हवा शिरते, फिल्टर तुंबतो, स्प्रिंग ढिली होते, आतल्या वजनांच्या पिना झिजतात. घाईत माणूस स्प्रिंगलाच हात घालतो, कारण ती समोर दिसते. मी आधी काहीच पिळलं नाही. फिल्टर पाहिला, नळीतली हवा पाहिली, दोन्ही ठीक. मग लिव्हरला एक बोट लावून उभा राहिलो. बोटाला कळलं. लिव्हर हलायचा, पण डिझेलच्या पंपाकडे जाणारी दांडी लगेच हलायची नाही. किंचित थांबायची आणि मग झटका देऊन हलायची. लिव्हर आणि दांडी जोडणाऱ्या पिनेचं भोक झिजून लांबट झालं होतं. गव्हर्नर बरोबर हुकूम देत होतं, पण हुकूम पोचायला उशीर होत होता. पोचेपर्यंत इंजिन पुढे निघून गेलेलं, मग उलटा हुकूम, तोही उशिरा.

"सापडलं," मी म्हटलं.

सुनंदाताईंच्या चेहऱ्यावर जीव आला. "मंग करा न दुरुस्त!"

"लिव्हर काढून भोकात पितळेचं बुश, म्हणजे बारीक नळकांडं, बसवावं लागेल, नवी पिन करावी लागेल. त्याला लेथ पाहिजे, धातू कातायचं यंत्र. बडनेऱ्याला हमीदभाई आहेत, ते करून देतील. पण तोपर्यंत जनरेटर बंद."

तिने मला हाताला धरून हॅचरीच्या काचेशी नेलं. आत ट्रेमध्ये अंडीच अंडी. काहींना बारीक चीर गेली होती, काहींतून चोच बाहेर आलेली, काही पिल्लं ओली, थकून पडलेली. बंद पेटीत ती सगळी श्वास घेत होती.

"पंखा बंद पडला त हे आतमंदीच गुदमरून मरतीन महाराज. गरम हवा कोंडते. भाड्याचा जनरेटर कोठीच नाई, सकाळपासून फोन करून राहिली." तिचा आवाज बारीक झाला. "टोच मारलेलं अंडं मागं नाई नेता येत."

मी परत इंजिनापाशी आलो आणि उभा राहिलो. लिव्हर काढायचा, पण इंजिन बंद ठेवायचं नाही. लिव्हर काढला तर पंपाची दांडी मोकळी. ती दांडी आत ढकलली की डिझेल कमी, बाहेर ओढली की जास्त. गव्हर्नर तेच तर करत होतं. मग ते मी का करू नये?

"मी दांडी हाताने धरतो," मी म्हटलं. "लिव्हर बडनेऱ्याला पाठवा."

"हाताने? किती वेळ?"

"येईपर्यंत."

जायचं कोणी हा प्रश्न होता. कामावरच्या दोन बायांना गाडी येत नव्हती आणि सुनंदाताईला यंत्रं सोडून हलता येत नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "द्या माह्याजोळ."

बाबाजी उभे होते. धोतर, पांढरा सदरा, गळ्यात माळ. कधी आले कळलंच नाही.

सुनंदाताई गडबडली. "बाबाजी, तुमी कायले... रस्ता खराब हाय..."

"रस्ता मले सांगतं काय वो सुनबाई? हमीदले मी ओयखतो. मोपेड काढतो."

मी क्षणभर इंजिन बंद करून लिव्हर सोडवला, फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि दांडी चिमटीत धरून पुन्हा इंजिन सुरू केलं. पायाशी पाट ठेवला. एका बाईला तिथे उभं केलं आणि सांगितलं, "मी 'पाट' म्हणालो की हा त्या हवेच्या जाळीच्या तोंडावर दाबायचा. विचारायचं नाही."

सुरुवातीला माझाही वेग चुकला. समोरच्या पॅनेलवर वेग दाखवणाऱ्या मीटरची सुई पन्नासवर हवी, ती कधी खाली, कधी वर. मी सुई बघून हात हलवायचो आणि उशीर व्हायचा, म्हणजे झिजलेल्या पिनेसारखंच माझं होत होतं. मग मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. आवाज खाली जायच्या आधी तो किंचित जड होतो. तो जडपणा ऐकू आला की लगेच दांडी केसभर ओढायची. थोड्या वेळाने डोळे उघडले तर सुई जागेवर होती.

खरी अडचण हीटरची होती. तो आपोआप लागायचा आणि आपोआप बंद व्हायचा. लागला की इंजिन दबायचं, बंद झाला की उसळी. सुनंदाताईने त्यावर युक्ती काढली. ती यंत्राच्या दारात उभी राहिली. आतला तापमानाचा आकडा तिला दिसत होता आणि तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"येते आता... येते... लागला!"

मी ओढलं.

"जाते आता... गेला!"

मी ढकललं.

असं आमचं जमलं. खरं गव्हर्नरसुद्धा ओझं आल्यावरच जागं होतं, आम्हाला तर ते येण्याआधीच कळत होतं. मला वाटतं, त्या दुपारी तो जनरेटर कारखान्यातून निघाला तेव्हापेक्षा सरळ चालला असेल. हे मी बढाई म्हणून सांगतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मग तिचा फोन वाजला. तिने तो माझ्या कानाशी धरला. हमीदभाई होते. रेल्वेच्या वर्कशॉपात उमर काढलेला माणूस.

"महाराज, इधर लाईट नहीं है. लेथ कैसे चलाऊँ?"

  तेवढ्यात फोनवर मागून बाबाजींचा आवाज आला, "हाताने फिरवता येत नाई काय ते चाक?"

हमीदभाई हसले. "बाबाजी, दम निकल जाएगा."

"निंगू दे. तू हत्यार धर, मी फिरवतो."

फोन बंद झाला. सुनंदाताई फोन घेऊन परत दारात गेली. मग म्हणाली, "बाबाजी अंडं शिवत नाईत महाराज." आणि लगेच ओरडली, "लागला!"

दुपार चढत गेली. टिनाच्या शेडमध्ये इंजिन शेजारी, वरून ऊन. घाम कोपरावरून बोटांवर यायला लागला. ती मधूनमधून माझ्या तोंडाला पाण्याचा गडवा लावायची आणि परत दारात पळायची. मी हात बदलून पाहिला, पण डावा हात उजव्यासारखं ऐकत नव्हता, म्हणून पुन्हा उजवाच. अंगठ्याची नस ताठून दुखायला लागली. आणि एकदा घामाने चिमटी सुटलीच. मोकळी दांडी थरथरीने बाहेर सरकली आणि इंजिनाने असा सूर लावला की मला अचलपूरची गिरणी आठवली. पाटाशी उभ्या असलेल्या बाईने मी 'पाट' म्हणायची वाटही पाहिली नव्हती, पाट उचललेला होता. मी झडप घालून दांडी आत ढकलली. आवाज खाली आला. आतून सुनंदाताईची हाक आली, "काय झालं?"

"काही नाही. तुम्ही आकडा पाहा."

पंखा शाबूत होता. मी बोटांना माती चोळली आणि पुन्हा धरलं.

मोपेडचा आवाज मी इंजिनाच्या आवाजातूनही ओळखला. बाबाजी आले ते कोपरापर्यंत काळे, सदऱ्यावर तेलाचे डाग, माळ पाठीवर फिरलेली. खिशातून फडकं काढून त्यांनी उलगडलं. लिव्हरच्या भोकात पितळेचं बुश सोन्यासारखं चमकत होतं. मी दुसऱ्या हाताने पिन घालून पाहिली. डावी-उजवी हलेना, पण फिरायला लोण्यासारखी मऊ. हाताने फिरवलेल्या लेथवर एवढं नेमकं काम मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"इंजिन बंद करतो," मी म्हटलं. "दारं उघडा, पुठ्ठ्यांनी वारा घाला."

इंजिन थांबलं आणि त्या शांततेत पहिल्यांदा पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला. बाया पुठ्ठे घेऊन वारा घालायला लागल्या. मी लिव्हर चढवायला घेतला तर बोटं मिटेनात. हाताने नट धरवेना. बाबाजींनी ते पाहिलं आणि काही न विचारता नट आपल्या चिमटीत घेतला.

"कोठी लावा लागते, सांगा."

मी सांगत गेलो आणि ते लावत गेले. पिन घातली, स्प्रिंग अडकवली, नट आवळला. मी हँडल मारायला वाकलो तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच मारलं.

इंजिन सुरू झालं. माझा हात आपोआप दांडीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. वजनं बाहेर गेली, स्प्रिंग ताणली, लिव्हर एकदा किंचित हलला आणि स्थिर झाला. एकच सलग सूर. पण रिकामं इंजिन तर कोणतंही चालतं. मी सुनंदाताईला म्हटलं, "हीटर, पंखा, पाण्याची मोटर, सगळं एकदम टाका."

"एकदम?"

"एकदम."

तिने सगळी बटणं खाली केली. इंजिन दबलं, सुई खाली झुकली, दांडी सरकली आणि सुई परत पन्नासवर येऊन थांबली. मग तिने सगळं एकदम काढलं. उसळी नाही. पुन्हा टाकलं. शेडमधला दिवा एकदा मिचकला आणि मग हलला नाही.

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. चहा आला. बोटांत कप धरवेना. बाबाजी शेजारी बसले, चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या तोंडाशी धरली. इंजिन एका लयीत चालत होतं. त्यांनी इंजिनाकडे बोट केलं.

"दिवसभर हे तुमी करून राहिले व्हते?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही तिकडे चाक फिरवून राहिले होते."

ते हसले. मग आतून सुनंदाताईने हाक मारली, "बाबाजी, थोडं या न इकडे. ट्रे धरा लागते, बाया दोघीच हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. इंजिनाकडे बघत राहिलो. ते उठले, नळावर राखेने हात धुतले, पुन्हा धुतले, धोतराला पुसले आणि दारात चपला काढून आत गेले. देवळात जावं तसे.

त्या दिवसाची बहुतेक पिल्लं जगली. काही अंडी गेली, पंख्याची मोटर जळाली तेव्हाच ती गेली असावीत. वीज परत यायला वेळ लागला, पण जनरेटरसाठी मला पुन्हा फोन आला नाही. मिस्त्रीच्या कामाला याहून मोठी पावती नसते. आताची नवी यंत्रं तारांनी आणि चिपांनी चालतात. त्यांत बोट लावायला लिव्हर नसतो, याचं मला वाईट वाटतं. पुतण्या म्हणतो, काका, त्यात बिघाडच होत नाही. होत नसेल.

त्या संध्याकाळी मोटरसायकलची रेसची मूठ पिळता येईना म्हणून मी उशिरापर्यंत तिथेच बसून राहिलो. उन्हं उतरली होती. काचेतून आत बाबाजी दिसत होते. सदरा अजून तेलकट, आणि पुढे केलेल्या दोन्ही तळव्यांवर एक पिवळं पिल्लू. ते अजिबात हलत नव्हते, श्वासही जपून घेत होते.

"सुनबाई," ते म्हणाले, "हे मले पाहून राहिलं वो. याले आता ठेवू कोठी?"